गर्दी सुटायच्या आत

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीचा शेवट पाहिलेला नव्हता. मी तिखटमीठ लावून सांगतेय असं वाटेल, पण त्यांची बायकोही हेच सांगायची, आणि तिच्याइतकं त्यांना दुसरं कोण ओळखणार? सिनेमा असो, लग्न असो, शेजारच्या पोराचा वाढदिवस असो, सगळं रंगात आलं की हे खुर्चीवरून उठायचे, खिशातली किल्ली चाचपायचे आणि म्हणायचे, "चला, गर्दी सुटायच्या आत निघू." गर्दी आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आमच्याकडे आम्ही चौघंच जेवायला बसलो होतो, तेव्हाही ताकाची वाटी यायच्या आधी ते हेच म्हणाले होते. जायचं होतं कुठं, तर एक जिना चढून वर.

दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या एका जुन्या व्हिलाचे मालकाने दोन भाग करून भाड्याने दिले होते. खाली आम्ही नवराबायको, वर ते आणि काकू. आमच्यात त्यांचं नाव कुणी घेत नसे. "वरचे आले का?", "वरच्यांची गाडी दिसत नाही", असंच चालायचं. ते आम्हाला "खालचे" म्हणत आणि मला एकटीला "बाईसाहेब". त्यांची गाडी कायम तोंड गेटकडे करून उभी असायची. घरी येताना आरशात बघत, पुढेमागे करत, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीला धडक देत ते गाडी उलटी आत घालायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, सरळ आत घाला की, आणि जाताना काढा उलटी." तर म्हणाले, "बाईसाहेब, येताना माणसाला वेळ असतो. जाताना नसतो." त्या शुक्रवारी त्यांनी मला नवी कुंडी आणून दिली आणि पुढच्या आठवड्यात तिलाही धडक दिली.

त्यांना बसलेलं असं मी फारसं पाहिलंच नाही. बसले तरी खुर्चीच्या कडेवर, दाराजवळ, पायात बूट, हातात किल्ली. बोलताना त्या किल्लीचा चाळा चालायचा. समोरच्याचं वाक्य लांबलं की "यल्ला, यल्ला" म्हणत मान हलवायचे, म्हणजे कळलं, पुढे चला. मूळचे नाशिकचे, पण इतकी वर्षं कतारमध्ये राहून बोलण्यात अरबी शब्द असे मुरले होते की काकूंना भाजीत मीठ जास्त झाल्याचंही ते "खलास" या एका शब्दात सांगत. नोकरीही त्यांना त्यांच्यासारखीच मिळाली होती. गॅसच्या कंपनीत कमिशनिंग इंजिनियर. नवीन युनिट उभं राहिलं की ते पहिल्यांदा सुरू करून द्यायचं, सगळं ठीक चालतंय असं बघायचं आणि दुसऱ्यांच्या हवाली करून पुढच्या युनिटला जायचं. "बंद पडताना बघायला दुसरी माणसं असतात," असं ते मोठ्या समाधानाने सांगायचे.

सिनेमाचा त्यांना भारी नाद. त्यासाठी मॉलमधली गुबगुबीत खुर्च्यांची थिएटरं त्यांना चालत नसत, एशियन टाउनच लागे. तिथं सुट्टीच्या दिवशी कामगारांची झुंबड असते, हिरोच्या एंट्रीला शिट्ट्या पडतात. ते यांना आवडायचं. माझ्या नवऱ्याला बळेच बरोबर न्यायचे आणि सिनेमा संपायला पाव तास उरला की त्याला अंधारात एकट्याला सोडून गाडीत जाऊन बसायचे. बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. घरी आल्यावर ते आम्हाला अख्खी गोष्ट सांगायचे, शेवटासकट. शेवट अर्थातच त्यांच्या मनाचा.

"अहो काका, तो मरतो शेवटी," माझा नवरा म्हणायचा.

"छे. मी निघालो तेव्हा चांगला धडधाकट होता."

"मी शेवटपर्यंत बसलो होतो ना. गोळी लागून मरतो."

"तुम्ही बसून राहिलात म्हणून मेला," ते शांतपणे म्हणायचे. काकू तोंडाला पदर लावून हसायच्या आणि वाद तिथंच मिटायचा.

एखाद्या शुक्रवारी सकाळी त्यांना मदिनत अश शमालला जायची लहर यायची. तासाभराचा सरळ रस्ता, दोन्हीकडे उजाड माळ, आणि टोकाला समुद्र. एकदा मीही गेले होते, डब्यात थालीपीठं घेऊन. म्हटलं, समुद्राकाठी बसून निवांत खाऊ. पाणी दिसलं तशी त्यांनी गाडीचा वेग कमी केला, काच खाली घेतली, "हा समुद्र" म्हणाले आणि गाडी वळवली. थालीपीठं आम्ही परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर खाल्ली. मी तणतणत होते. काकू थंडपणे म्हणाल्या, "अगं, मी तर बारा वेळा आलेय इथं. वाळूला पाय लागला नाही अजून."

आमच्या व्हिलात पाच दिवसांचा गणपती असे. विसर्जन अंगणात, मोठ्या टबात. आरास करायला, मोदकांसाठी नारळ शोधत दुकानं पालथी घालायला हे सर्वांत पुढे. आणि टबात पाणी भरलं की गायब. कधी पेट्रोल भरायला, कधी कुणाला तरी फोन करायला. मूर्ती पाण्यात गेली, प्रसाद वाटून झाला की गेटमधून उलट्या येणाऱ्या गाडीचा आवाज यायचा. त्यांना खूप लागायचं ते, म्हणून जायचे, हे मला फार उशिरा समजलं. तोवर मी त्यांना नास्तिक म्हणून चिडवत होते.

तर असा हा माणूस दरवर्षी सुट्टी टाकून जायचा कुठं? जैसलमेरला. सगळे हसायचे. वाळूतून उठायचं आणि पैसे खर्चून पुन्हा वाळूतच जायचं, याला काय म्हणावं? त्यांच्याकडे उत्तर तयार असे. "इथली वाळू कामाची, तिथली सणाची." आणि त्या वाळूतल्या सणांचं कॅलेंडर त्यांना तोंडपाठ होतं. माघ पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस पाहुण्यांसाठी मोठा उत्सव, उंटांच्या शर्यती, पागोटी बांधायच्या स्पर्धा, मिशांच्या स्पर्धा, डोक्यावर घागरी घेऊन धावणाऱ्या बायका. चैत्रात गणगौर. भाद्रपदात जवळच्या रामदेवऱ्याची जत्रा. दोह्यातल्या निम्म्या मराठी मंडळींना त्यांनी त्या उत्सवाला धाडलं होतं. हॉटेल कुठलं घ्यायचं, ड्रायव्हर कुठला, मिरचीवडा कुठल्या गाडीवरचा, सगळं फोनवर सांगायचे. एक पै घेत नसत. फक्त तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काय असतं ते त्यांना विचारायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारीच ते निघालेले असत.

मी एकदा खोदून विचारलं, "काका, मेळे काय इथं दोह्यात होत नाहीत? हिवाळाभर चालूच असतात की."

"इथं आपण गर्दी," ते म्हणाले. "तिथं माइकवरून पाहुणे म्हणतात. पाहुण्याचं कसं असतं, बाईसाहेब, तो जाणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. कुणी वाईट वाटून घेत नाही." आणि उठून किल्ली वाजवत जिना चढून गेले.

गणगौरीला मात्र एकदाच काकूंना घेऊन गेले होते. ती गोष्ट काकू मला पुनःपुन्हा सांगायच्या. इतर गावांत गौरीबरोबर तिचा ईसर असतो, म्हणजे आपला शंकरच, दोघांची जोडीने मिरवणूक निघते. जैसलमेरची गौर एकटी निघते. तिचा ईसर म्हणे फार पूर्वी दुसऱ्या राज्याच्या लोकांनी पळवून नेला, तेव्हापासून ती तशीच, नटूनथटून, दागिने घालून, एकटी. काकू गर्दीत उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांना एकदम रडू फुटलं. "म्हटलं, ही तर आमच्यातलीच बाई," त्या मला म्हणाल्या. "हे सांगायला म्हणून वळले, तर हे नव्हतेच बाजूला. गाडीत जाऊन बसले होते."

काकूंचं ते म्हणणं उगाच नव्हतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या नाशिकला, मुलगी लहान, आणि हे इथं कंपनीच्या खोलीत चार जणांत. वर्षातून एक सुट्टी. मुलगी चार-पाच वर्षांची होती तेव्हा सुट्टी संपवून हे निघाले, तर ती रिक्षामागे धावत सुटली. कोपऱ्यापर्यंत धावली, तिथं पडली. हे रिक्षाच्या मागच्या फटीतून बघत होते आणि रिक्षा थांबवता येत नव्हती, विमान चुकलं असतं. पुढच्या वर्षी मुलगी झोपलेली असताना निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी काकूही झोपलेल्या असताना. "एकदा विमान होतं संध्याकाळचं," काकूंनी सांगितलं, "आणि हे पहाटे चहा न घेता घराबाहेर. दिवसभर विमानतळावर बसून राहिले. मी उठून बघते तर अंथरूण घडी घातलेलं."

हे ऐकल्यावर माझं चिडवणं जरा कमी झालं. अगदी बंद झालं असं नाही.

त्या वर्षी त्यांची साठी उलटली आणि कंपनीने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवायचं नाही असं कळवलं. मार्चअखेर इथला मुक्काम संपणार. नाशिकचा फ्लॅट रंगवून तयार होता, गंगापूर रोडला, बाल्कनीत झोपाळा. काकूंचं अर्धं मन त्या झोपाळ्यावर जाऊन बसलंच होतं. आणि एका सकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या, मटार सोलायला घेतले, आणि सोलता सोलता हात थांबवून म्हणाल्या, "हे मस्कतला चाललेत."

"म्हणजे?"

"नवीन कॉन्ट्रॅक्ट. दोन वर्षांचं. बॅचलर स्टेटस." म्हणजे बायकोला नेता येणार नाही. "जिन्यात फोनवर बोलत होते. मला अजून सांगितलेलं नाही. सांगणार पण नाहीत. एक दिवस अंथरूण घडी घातलेलं दिसेल."

मला इतका संताप आला की मी वर जायला निघाले होते. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "भांडून काय होणार आहे? पैशांसाठी नाही जात आहेत ते. घाबरलेत. घरी येऊन बसायचं म्हणजे पुढे निघायला काही उरत नाही ना." मग म्हणाल्या, "माझं एवढंच मागणं आहे. एक मेळा, फक्त एक, त्यांनी माझ्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघावा. तेवढं जमलं तर माणूस घरात राहू शकेल असं मी समजेन. नाही जमलं तर जाऊ देत मस्कतला. मी काही रिक्षामागे धावणार नाही."

हे त्यांनी त्याच संध्याकाळी नवऱ्याला तोंडावर सांगितलं. जैसलमेरच्या उत्सवाचा तिसरा दिवस, शेवटची चांदण्यातली गाणी, दिवे मालवेपर्यंत. त्यांनी उत्तर दिलं, "इन्शाल्ला." इथं राहणाऱ्या कुणालाही विचारा, मेकॅनिकने किंवा घरमालकाने असं म्हटलं की आपण 'नाही' असंच समजायचं. काकूंनी मला खाली येऊन विचारलं, "तू येतेस का बरोबर? मला एकटीला आवरायचे नाहीत हे." नवऱ्याला डबे भरून दिले आणि मी गेले.

जोधपूरला उतरून गाडीने गेलो. पहिले दोन दिवस वरच्यांनी आम्हाला पळवलं. दुसरा शब्द नाही. मिरवणूक चौकातून सुरू होताना बघायची, मग गल्लीतून आडवं जाऊन ती किल्ल्याखाली येते तिथं तिच्या आधी पोहोचायचं, आणि ती यायला लागली की तलावाकडे. तलावाकाठी दिव्यांचा कार्यक्रम सुरू झाला की मैदानाकडे. पागोट्यांच्या स्पर्धेत एक फ्रेंच म्हातारा नऊ-दहा हात कापडात स्वतःलाच गुंडाळून घेत होता, लोक हसून बेजार, आणि तो जिंकतोय की हरतोय ते कळायच्या आत मी उंटांच्या मागे धावत होते. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. काकू मात्र तिसऱ्या दिवसासाठी दम राखून होत्या.

तिसऱ्या दिवशी सगळा कार्यक्रम गावाबाहेर, सम नावाच्या ठिकाणच्या टेकड्यांवर असतो. वाळूच्या लाटांमागून लाटा, त्यावर माणसं, उंट, चहाच्या किटल्या. आम्ही दुपारी पोहोचलो. वरच्यांचा चाळा तेव्हापासूनच सुरू झाला. एकच रस्ता आहे, सगळ्या गाड्या एकदम सुटतात, गेल्या वर्षी लोक तीन तास अडकले होते. काकू सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या.

मी काय केलं, हळूच जाऊन ड्रायव्हरला गाठलं आणि म्हटलं, "भैया, आप गाड़ी लेकर ज़रा दूर चले जाइए. खाना-वाना खाइए. अँधेरा होने तक आना मत."

तो भला माणूस अवघडून गेला. "मैडम, साहब ने कल ही बोल रखा है. साढ़े चार बजे गाड़ी सड़क की तरफ़ मुँह करके तैयार रखना. इतने साल से आते हैं, कभी देर नहीं की. मैं साहब को मना कैसे करूँ?"

म्हणजे इन्शाल्लाचा अर्थ मी बरोबर लावला होता. मी परत येऊन काकूंच्या कानाशी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता रडतात. बाजूला वरचे उभे, घड्याळात बघतायत, एक पाय सतरंजीवर, एक वाळूत.

तेवढ्यात माइकवरून रस्सीखेचीची घोषणा झाली. एकीकडे गावचे गडी, दुसरीकडे परदेशी पाहुणे. या रस्सीखेचीत उतरायची वरच्यांची जुनी हौस. दरवर्षी ते खिशातून कतारचं ओळखपत्र काढून दाखवायचे, आणि दरवर्षी तो माइकवाला हात जोडून म्हणायचा, "साहब, आप तो अपने ही हैं." कतारमध्ये ते बाहेरचे आणि इथं ते आपले, त्यामुळे दोर काही हातात येत नसे. त्या दिवशी परदेशी बाजूच्या एका दांडगट माणसाचा पाय मुरगळला आणि त्यांचा एक गडी कमी पडला. माइकवाल्याची नजर वरच्यांवर गेली. "अरे, क़तर वाले साहब. आज आ जाइए."

हे आनंदाने बूट काढून धावले. मी त्यांना पहिल्यांदाच अनवाणी पाहिलं. आणि काकू सतरंजीवरून उठल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या जिना एक-एक पायरी करून उतरायच्या, त्या बाई वाळूतून तरातरा माइकवाल्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भाईसाहब, इनको सबसे पीछे रखिए. और रस्सी कमर से बाँध दीजिए. कस के."

रस्सीखेचीत शेवटच्या गड्याच्या अंगाभोवती दोर घेतात, सगळ्यांना माहीत आहे. तो पाय रोवून उभा राहतो, त्याला पळता येत नाही. माइकवाल्याला यात गैर काही दिसलं नाही. वजनदार गृहस्थ, मागे हवेतच. त्याने स्वतः कमरेला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. वरच्यांनी काकूंकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. हातातली किल्ली त्यांनी माझ्याकडे फेकली. दोह्याच्या गाडीची किल्ली होती ती, तिथं तिचा काडीइतका उपयोग नव्हता, तरी तीन दिवस हातात होती.

शिट्टी झाली. पहिल्या झटक्यातच गावच्या गड्यांनी यांना वाळूतून फरफटत नेलं. दुसऱ्या डावात हे पाय रोवून मागे असे कलले की पाठ जमिनीला टेकली, आणि काय झालं कोण जाणे, दोर इकडे सरकला. तिसरा डाव खूप लांबला. दोन्ही बाजू जागच्या जागी थरथरत होत्या, कुणीच हलेना. साडेचार वाजून गेले होते. रस्त्याच्या कडेला आमचा ड्रायव्हर गाडी तयार करून उभा राहिलेला मला दिसत होता, आणि दोराच्या टोकाला डोळे मिटून, दात आवळून, लालबुंद चेहऱ्याने वरचे. त्यांच्या पुढचे एकेक पाहुणे हसत हसत हात सोडत गेले. शेवटी हे जवळजवळ एकटे दोराला बांधलेले आणि समोर गावचे आठ गडी. सपशेल हरले. गावातल्याच एका म्हाताऱ्याने त्यांच्या डोक्यावरची वाळू झटकली.

आता मजा अशी झाली, की ओढाताणीत ती गाठ दगडासारखी बसली होती. दोराचं दुसरं टोक सोडवून लोक पांगले आणि हे वाळूत बसलेले, कमरेला दोर. काकू शेजारी बसल्या आणि नखांनी गाठ सोडवायला लागल्या. मी चाकू आणू का म्हणून विचारलं, तर माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मागे सरकून बसले. सूर्य गेला. गाणारे येऊन बसले, खरखरीत, उंच आवाजात गायला लागले. काकू गाठीशी खेळत होत्या. मला विचाराल तर गाठ केव्हाच सैल झाली होती.

"निघायला हवं," ते एकदा म्हणाले.

"सुटू दे आधी," काकू म्हणाल्या.

चंद्र वर आला तसे ते जरा शांत झाले, पण पाय हलतच होता. मी मागे बसून तो पाय बघत होते. गाणी थांबली, टाळ्या झाल्या, आणि लोक उठायला लागले. इथपर्यंत त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं. पुढचंही त्यांनी सगळं बघितलं. गाणाऱ्यांनी वाद्यं फडक्यात गुंडाळली. चहावाल्याने उरलेलं पाणी वाळूत ओतलं. एका बाईने सतरंजी झटकली. उंटवाले उंटांना उठवून ओळीने घेऊन गेले. मग दिवे मालवले, आणि चांदणं तेवढं राहिलं.

"एवढंच असतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच असतं," काकू म्हणाल्या.

"मला वाटलं शेवटी फार काहीतरी असेल." आणि ते रडायला लागले. साठ वर्षांचा माणूस, कमरेला दोर, केसांत वाळू. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उठून लांब जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर विचारायला आला, त्याला खूण करून परत पाठवलं. रस्त्यावर खरंच गाड्यांची रांग लागली होती. आम्ही त्या रांगेत तीन तास अडकलो.

दोह्याला आल्यावर दोनच दिवसांनी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा जिन्यातून त्यांचा आवाज आला. फोनवर मस्कतच्या माणसाशी बोलत होते. बराच वेळ हो हो करत होते. माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. मग ते म्हणाले, "नो, नो. थँक यू. खलास." आणि वर गेले. त्या संध्याकाळी गाडी त्यांनी सरळ आत घातली. कुंडीला धडक दिलीच.

मार्चअखेरची दुपार. त्यांना पोहोचवायला आम्ही विमानतळावर गेलो. गाडी त्यांनी आदल्या आठवड्यात विकली होती, त्यामुळे हातात किल्ली नव्हती, आणि त्या हाताचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. मी मनात धरून चालले होते की हे आता दारातच "चला" म्हणून आत घुसतील. तसं काही झालं नाही. त्यांनी आम्हाला चहा पाजला. तोही बसून, खुर्चीला पाठ टेकून. माझ्या नवऱ्यापाशी सिनेमातला तो हिरो खरोखर मरतो हे कबूल केलं. काकूंनी मला जवळ घेतलं, म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसायला ये." मी बरं म्हटलं.

मग ते दोघं आत गेले. काचेपलीकडे रांग होती. काकू पुढे सरकल्या, आणि वरचे मागे वळून उभे राहिले. हात वर केला. मीही केला. मागची माणसं त्यांना ओलांडून जात होती, ते बाजूला होऊन वाट देत होते आणि पुन्हा तिथंच, आमच्याकडे तोंड करून. पळायची घाई कुठंच नव्हती त्यांच्यात. आता हे आम्ही दिसेनासे होईपर्यंत असेच उभे राहणार, हे मला कळून चुकलं, आणि मला तिथं उभं राहवेना. इतकी वर्षं एकाच छताखाली काढली होती, भांडून, चिडवून. मी नवऱ्याचा हात ओढला.

"चल," मी म्हटलं, "गर्दी सुटायच्या आत निघू."

तो म्हणाला, "अगं, ते अजून बघतायत." मी मागे न वळता चालत राहिले, भराभर, पार्किंगपर्यंत. ते तिथं किती वेळ उभे होते, मला माहीत नाही.